दिव्याला पाणी विचारणारी आत्या

वैशाख पौर्णिमेच्या आधीच्या रविवारी, अकराशे रुपयांच्या रोषणाईवरून माझ्या धाकट्या भावाचं लग्न मोडता मोडता राहिलं. हजर होतो आम्ही सात जण: मी, माझी बायको, भाऊ, नवरी मुलगी, तिचे आईवडील आणि आमची उदगीरची आत्या. सहा जणांना लग्न मोडायचं नव्हतं. सातवीलाही नव्हतं, तिला फक्त दिवे बंद करायचे होते.

लातूर ते उदगीर या पट्ट्यात आत्याने संशयाने पाहिला नाही असा विजेचा दिवा नसेल. दुसरी माणसं पाहुणी आली की पाणी मागतात. आत्या आधी भिंतीवरची बटणं चाचपायची. "पेटवून कुणासाठी ठेवलंय?" असं विचारायची, आणि उत्तर यायच्या आत खोलीत अंधार. माझी दाढी तिच्यामुळे दोनदा अर्ध्यावर राहिली आहे. विजेच्या ती विरुद्ध होती असं मात्र नाही. पिठाच्या गिरणीबद्दल तिला मोठा आदर होता. "ही पिती, पण दळून तरी देती," म्हणायची.

पिती म्हणजे पाणी. आत्याचे यजमान शाळामास्तर; त्यांची बदली एकदा औष्णिक वीजकेंद्राजवळच्या गावी झाली होती. तिथे तिने दोरीवर कपडे पांढरे घातले आणि करडे काढले, पापड वाळवले ते राखेसकट खाल्ले, आणि येताना एक शास्त्र घेऊन आली. कोळसा जळतो, पाणी उकळतं, वाफेवर चाक फिरतं. आणि ते सगळं थंड ठेवायला धरणाचं पाणी लागतं, ते मोठ्या मनोऱ्यांतून ढग होऊन उडून जातं. "त्या ढगातून कधी पाऊस पडलेला बघितलास का? गेलं ते गेलं!" मी एका इंजिनिअरला विचारून खात्री केली; शास्त्र बरोबर होतं. एका दिव्यापायी किती घागरी उडतात याचा तिचा आकडा मात्र दर खेपेला वेगळा असायचा, आणि मी आकड्यांच्या बाबतीत काटेकोर असल्याने आमची तिथे जुंपायची. "आकडा चुकला म्हणून पाणी माघारी येतंय व्हय रे?"

लातूर तेव्हा नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं. नव्या कचेऱ्या, नव्या ट्यूबलाइटी, चौकाचौकात उजेडाचे खांब. त्यातच दुष्काळ पडला आणि नळाला पाणी यायचं कधी, हे कुणालाच सांगता येईना. आत्याने लगेच दोन्हींचा संबंध जोडला. त्या दिवसांत आत्या माझ्याकडे मुक्कामाला असताना आमचे कचेरीतले साहेब घरी आले. मी कौतुकाने टेबलफॅन लावला. आत्याने पाण्याचे दोन पेले आणले. एक साहेबांच्या हातात दिला, दुसरा पंख्यापुढे ठेवला.

"आजी, हा कुणाला?"

"त्यालाच. तुमच्या आधीपासून पिऊन राहिलाय त्यो."

साहेबांनी स्वतः उठून पंखा बंद केला आणि घामाच्या धारांत पोहे खाल्ले. माझी बढती त्यामुळे अडली नाही, हेही सांगायला हवं.

तर ही आत्या लग्नाच्या बैठकीला निघाली होती. मुलीचे वडील त्याच वीजकेंद्रात कोळशाच्या विभागात नोकरीला आहेत, हे आम्ही तिला एसटी हलल्यावर सांगितलं. ती खिडकीबाहेर बघत राहिली. भावाला ती मुलगी मनापासून आवडली होती. त्याने सगळा प्रवास आत्याची पिशवी मांडीवर धरून केला.

मुलीच्या घरी, वीजकेंद्राच्या क्वार्टरमध्ये शिरलो तर भर दुपारी दोन ट्यूबलाइटी, एक बल्ब आणि पंखा चालू. "जय भीम, आत्याबाई, या!" मुलीचे वडील म्हणाले. "जय भीम," म्हणत आत्याने चारही बटणं एका हाताने खाली केली.

एकदम काळोख. सगळ्या खिडक्या घट्ट लावलेल्या, वर जाड पडदे. आतून कुणीतरी आणत असलेला चहा माझ्या पँटवर आला.

"राख येते, म्हणून खिडक्या लावतो," अंधारातून मुलीच्या आईचा आवाज आला. "मग दिवे लागतात."

"म्हंजे दिव्याच्या राखंपायी दिवा!" आत्या म्हणाली.

मुलीच्या वडिलांचा आवाज चढला. "आत्याबाई, त्याच राखेवर माझी लेकरं शिकली. मंडपाला अकराशेची रोषणाई सांगितलीय. विजेच्या गावात माझ्या पोरीचं लग्न बिनदिव्याचं झालं, तर उद्या कामावर तोंड कसं दाखवू?"

"आन् तुमच्या गावाकडं पाणी कसं येतंय?"

"टँकरनं," ते म्हणाले. "येईल तेव्हा."

मग मुलगीच उठली.

"आत्या, खिडकी उघडू का? राख येईल पण."

"येऊ दे गं. वळखीचीच हाय."

उन्हाचा पट्टा आत आला. बघता बघता पुढ्यात ठेवलेल्या लाडवांवर करडी पूड बसली. आत्याने एक लाडू फुंकून तोंडात टाकला आणि पहिल्यांदाच मुलीच्या वडिलांकडे नीट पाहिलं. त्यांच्या नखांत कोळसा होता.

"धरणातलं पाणी सरलं, तर तुमच्या कामाचं कसं?"

"वीज बनवायचे संच बंद ठेवतील, असं वरचे म्हणून राहिलेत. मग बघू."

आत्याने बोटांवरची राख पदराला पुसली. दिवा पाणी पितो एवढंच तिने आजवर मोजलं होतं. तो कुणाला जेवू घालतो हे तिच्या हिशोबात नव्हतं. मग म्हणाली, "पाव्हणं, आपल्यात मुहूर्त न्हाई. लगीन सकाळी दहाला लावू, सूर्य फुकट हाय. रोषणाईच्या पैशात तुमच्या गावाला टँकर जाऊ द्या. पर तुमच्या दारावर एक दिवा लावू. मोठा. तुमच्या नावाचा."

मुलीच्या वडिलांनी मान हलवली. भावाने तेव्हा कुठे पिशवी खाली ठेवली.

आत्याला जाऊन आता बरीच वर्षं झाली. अजूनही कुठल्या रिकाम्या खोलीत दिवा दिसला की मला तिचा हात आधी आठवतो, मग चेहरा. लग्नाच्या दिवशी तो बल्ब दारावर रणरणत्या उन्हात पेटलेला होता. उजेड देत होता की नाही हे कळायलाही मार्ग नव्हता. बुद्धवंदना होईपर्यंत आत्याचा हात दोनदा बटणाकडे गेला आणि दोनदा मागे आला.

अकराशेपैकी दहाशे नव्वद रुपये मुलीच्या वडिलांनी टँकरवाल्याला दिले. उरलेले दहा त्या एका बल्बचं भाडं म्हणून मंडपवाल्याला द्यायचे होते; मी खिशात हात घालतोय तोवर तेवढे आत्याने आपल्या पदराची गाठ सोडून देऊन टाकले होते.