भेटीला गेलेली झूल

माझं शिक्षण म्हणाल तर लेकरांच्या पुस्तकांतून झालं. थोरल्याची पहिली, धाकटीची चौथी असं करत करत मी वाचायला लागले. लिहायला तर त्याहून उशिरा, नातवंडं झाल्यावर. म्हणून माझ्या लिहिण्यात बोलणं येतं, ते चालवून घ्या. सांगायची गोष्ट कागदावरच्या एका शब्दाची आहे.

लातूरला आमच्या घरापासून दहा मिनिटांच्या वाटेवर एक कलासंग्रहालय आहे. सरकारी नाही, संस्थेचं. जुन्या डाळमिलच्या गोदामात केलेलं, वर पत्रे. चित्रं आहेत, मूर्ती आहेत, आणि आतल्या एका दालनात शेतकऱ्याच्या घरातल्या वस्तू. नातीला रविवारी चित्रकलेच्या वर्गाला सोडायचं आणि दोन तास बाहेर बसून राहायचं, एवढंच माझं काम. एकदा बसून कंटाळले आणि आत हिंडायला गेले. बघते तर काचेमागं बैलाची म्होरकी, आणि खाली चिठ्ठी, 'सजावटीची दोरी'.

मी राखणदाराला म्हणाले, "दादा, ही बैलाच्या तोंडावर बांधायची म्होरकी हाय. सजावटीची दोरी काय? बैल हसतील की!"

त्यानं आतून एका बाईला बोलावून आणलं. चाळिशीची असेल, खादीचा कुर्ता, आखूड केस. संस्थेची सचिव. सगळे तिला ताईच म्हणत. मला वाटलं, आता बोलणी बसणार. तर ती वही-पेन घेऊन आली आणि म्हणाली, "मावशी, बाकीच्या वस्तूंचं पण सांगता का?"

तिथून माझे रविवार सुरू झाले. कार्यक्रमाचं नाव ताईनं ठेवलं, 'वस्तूची गोष्ट'. लेकरं, त्यांच्या आया, कधी कॉलेजची पोरं यायची. मी एक वस्तू घ्यायची आणि बोलायचं. पाभर घेतली की पेरणी आली, पेरणी आली की माझी आई आली, बाप आला, सगळं गाव यायचं. जन्मभर घरातली माणसं मला म्हणत आली, किती बोलतीस. आणि इथं लोक माझं बोलणं ऐकायला चटया टाकून बसत होते. हे सुख काय असतं ते सांगून कळणार नाही.

ताई आमच्या घरी जेवायलाही यायची. भाकरी चुरून खाताना संस्थेचं रडगाणं सांगायची. "मावशी, एक कंपनी कार्यक्रमांना पैसे देते, पण पत्र्याला देत नाही. अनुदान आलं ते इमारतीला, त्यातून पगार करता येत नाही."

मी म्हणाले, "म्हंजे लाकडं हायत तवा पीठ न्हाई, आन पीठ आलं की लाकडं सरल्याली."

ती ठसका लागेपर्यंत हसली. "हेच अहवालात लिहिते बघा." मी तिच्या पाठीवर थापटलं, पाणी दिलं. पोटच्या पोरीसारखी वाटायची मला. हे मुद्दाम सांगते. परक्यानं केलं असतं तर मी लिहायलाच बसले नसते.

एके दिवशी ती म्हणाली, "आतल्या दालनात मधोमध काहीतरी हवंय, आत पाऊल टाकलं की नजर खिळावी असं." आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आमच्या माहेरी झूल हाय."

माझं माहेर रेणापूरच्या अंगाला. माझ्या आईनं बैलजोडीसाठी दोन झुली केल्या होत्या, पोळ्याला बैलांच्या पाठीवर घालायच्या. लाल कापड, काठानं कवड्या, मधे आरशांचा सूर्य. दोन वर्षं ती शिवत होती, म्हणजे शेतातून आल्यावर जेवढं होईल तेवढं. भावानं ट्रॅक्टरच्या दिवसांतही जोडी ठेवली आहे. गल्लीत तेवढी एकच. वर्षातून एक दिवस त्या झुली पेटीतून निघतात आणि आमची जोडी वेशीतल्या तोरणाखालनं जाते, तेव्हा लोक वळून बघतात.

भावाला विचारलं तर तो उखडलाच. "अजबखान्यात ठिवायला माझी बैलं म्येली का काय?"

"आरं, एकच दे. पोळ्याच्या आदल्या दिशी मी सोता घिऊन येते. लोक बघतील, आईच्या हाताचं काम हाय म्हनतील."

त्यानं लई वेळ तंबाखू मळली. मग पेटी उघडली. "तुझ्या शब्दावर द्यायलोय आक्का. त्या ताईबिईच्या न्हाई."

झूल घेऊन मी संग्रहालयात गेले. ताईनं कागद काढला आणि वाचून दाखवलं, "वस्तू कशी मिळाली? खरेदी, उसनी की भेट? उसनी लिहू ना?"

आता हे तुम्हाला समजून घ्यावं लागेल. आमच्यात पीठ उसनं द्यावं, विरजण उसनं द्यावं, पण बैलाचा पोळ्याचा साज उसना देत नाहीत आणि घेतही नाहीत. साज उसना गेला की दावणीची बरकत त्याच्यासंगं गेली, असं आई म्हणायची. गावात एकानं साडूकडनं शिंगांच्या टोकाची पितळी शेंबी उसनी आणली होती, तर म्हाताऱ्या माणसांनी त्याची जोडी ओळीत मागं लावली होती. मी ताईच्या हातातलं पेनच धरलं.

"उसनी लिहू नको पोरी. ती भेटीला आल्याली हाय. लेक सासरी नांदती आन सणाला माहेरी जाती का न्हाई, तसं. भेट लिही."

ताई हसली. "बरं, भेट लिहिते. आणि पोळ्याला माहेरी, नक्की." मी सावकाश माझं पूर्ण नाव लिहिलं. कागद सरकू नये म्हणून तिनंच बोटांनी धरून ठेवला होता.

पहिल्या पोळ्याला ती झुलीसोबत गावाला आली. पुरणपोळी खाल्ली, भावाच्या बैलांना हात लावायला भ्याली, सगळ्यांच्या हसण्यात हसली. मी, ती आणि झूल घातलेली जोडी असा फोटो काढला. तोच त्या वर्षीच्या अहवालावर आला, मुखपृष्ठावर. दुसऱ्या वर्षी तिला जमलं नाही, पण झूल तिनं मांजरपाटात घडी घालून माझ्या हातात दिली.

तिसऱ्या वर्षी उन्हाळ्यात आतलं दालन पत्र्याच्या कामासाठी बंद होतं. रविवार आम्ही पुढच्या खोलीत करायचो. दालन उघडलं ते पोळ्याला आठ दिवस राहिले तेव्हा. मी आत गेले तर मधल्या काचेत एक रंगवलेला माठ.

मी कारकुनाला विचारलं, "झूल आत ठिवली का?"

तो म्हणाला, "ती तर गेली ना मावशी. उन्हाळ्यात नांदेडला संस्थेच्या मदतीसाठी कार्यक्रम झाला, तिथं बोली लागली. चांगली गेली." मला आनंद होईल अशा आवाजात तो हे सांगत होता.

मी ताईच्या खोलीत गेले. ती उठून उभी राहिली, म्हणजे तिला कळलं होतं.

"मावशी, बसा आधी."

"बसायला न्हाई आले. झूल कुठं हाय?"

"कंपनीनं कार्यक्रमांचे पैसे बंद केले. तुमचे रविवार बंद पडणार होते. विश्वस्तांनी ठराव केला की संस्थेच्या मालकीच्या दोन-तीन वस्तू..."

"संस्थेच्या मालकीच्या?"

ती खाली बघून म्हणाली, "कागदावर भेट आहे. भेट म्हणजे दान, मावशी. उसन्या वस्तूंना आम्हाला हात लावता येत नाही. त्या सगळ्या जागेवर आहेत."

"मी भेट म्हनले ते कसं म्हनले, तुला ठाव न्हवतं? तू हसलीस की तवा!"

"मला माहीत होतं. विश्वस्तांना कागद दिसतो."

"आन तू? तू न्हाई बोललीस?"

तिनं टेबलावरचे कागद सारखे केले. मग म्हणाली, "मी तुम्हाला सांगणारच होते."

"कवा?"

"पोळा झाल्यावर."

मला हसू आलं, खरंच आलं. तेवढ्यात ती जे बोलली ते मला अजून पचलेलं नाही. "पैसा कुणी घरी नेला नाही मावशी. सगळा कार्यक्रमांनाच गेला. उन्हाळ्यापासून तुम्हाला दर रविवारी पाकीट मिळतंय, तेही त्यातूनच."

रविवारी ती मला रिक्षाखर्चाचं म्हणून पाकीट द्यायची. त्यातून मी नातीला रंग घेतले होते, एकदा भावाला धोतरजोडी घेतली होती. आईची झूल विकून भावाला धोतर! चोरी झाली असती तर चोराला शिव्या घातल्या असत्या. इथं कुणाला घालू?

झूल कुणी घेतली ते कारकुनानं सांगितलं. नांदेडला विष्णुपुरीच्या रस्त्यावर एक हॉटेल आहे, त्याच्या मालकानं. दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरली. घरात कुणाला सांगितलं नाही. अहमदपूर गेलं, लोहा गेलं, मी मनात एकच घोकत होते, एक दिवसासाठी माग, हात जोडून माग.

झूल हॉटेलात शिरल्या शिरल्या समोरच्या भिंतीवर काचेत होती. वरून दिवा सोडलेला. एवढ्या उजेडात मी ती आयुष्यात बघितली नव्हती. आईचे टाके दिसत होते. एका कोपऱ्यात लाल दोरा सरल्यावर तिनं गुलाबी लावलाय, ते मला त्या दिवशी कळलं.

मालक तरणाच होता, अदबीचा. त्यानं मला बसवलं, चहा मागवला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आजी, मला हे काहीच सांगितलं नव्हतं. एक दिवस न्या की. मला काही हरकत नाही." माझ्या डोळ्याला पाणीच आलं. त्यानं कोरा कागद पुढं केला. "फक्त एवढं लिहून द्या. झूल एक दिवसासाठी उसनी नेत आहे, असं."

मी पेन घेतलं. माझं नाव लिहिलं, गावाचं नाव लिहिलं, झूल लिहिलं. पुढं हात सरकेना. आमचीच झूल, आमच्याच बैलासाठी, आणि उसनी. मी त्याला म्हणाले, "दुसरा शब्द चालंल का बाबा?"

"दुसरा कोणता?" त्यानं मनापासून विचारलं.

मला सुचला नाही. जो होता तो वापरून झाला होता. मी पेन ठेवलं, चहा पिऊन टाकला आणि परतीची एसटी धरली.

पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदेमळणीच्या संध्याकाळी माहेरी पोचले. भाऊ बैलांच्या खांद्याला तूप-हळद चोळत होता आणि त्यांच्या कानाशी म्हणत होता, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." माझ्या हातात नुसती पिशवी बघून तो थांबला. मी सगळं सांगितलं. कागदाचं, ताईचं, पाकिटाचं, हॉटेलाचं. काही लपवलं नाही.

त्यानं हळदीचे हात फडक्याला पुसले. सगळं ऐकून म्हणाला, "मंग त्यो देत हुता तर आनायची हुतीस."

"उसनी?"

"एक दिसाचं काय झालं आसतं आक्का? कोन बगतंय आता? निम्म्या गावानं बैलं इकली. तू आन तुझी रीत!"

ज्या रीतीपायी मी तो शब्द टाळला, दोनदा टाळला, ती घरात उरलीच नव्हती. मला कुणी सांगितलंच नव्हतं.

सकाळी त्यानं पेटी उघडली, दुसरी झूल बाहेर काढली, थोडा वेळ हातात धरली आणि परत ठेवून दिली. जोडीत एकाच्या पाठीवर झूल घालत नाहीत. शिंगं रंगवली, बेगड लावलं, गोंडे बांधले, पाठी उघड्या. वेशीत एक म्हातारा म्हणाला, "आरं, औंदा नागवीच आनलीस का बैलं? झूल कुठं हाय?"

भाऊ कासऱ्याला झटका देत म्हणाला, "आमच्या आक्कानं भेट दिली."

लोकांना वाटलं मोठेपणाचं सांगतोय. दोघं-तिघं माझ्याकडं बघून मान डोलवायला लागले. मी पदर सावरला आणि तोरणाकडं बघत उभी राहिले.

दुपारी पोळ्या लाटताना ताईचा फोन आला. मी उचलला. "मावशी, अजून रागावलात का?" मग इकडचं तिकडचं बोलून, जरा अडखळत, "यंदाचा पोळ्याचा फोटो असेल ना एखादा? अहवालात कार्यक्रमांचं पान करतेय."

"न्हाई काढला."

"मग मागचा वापरते. आपल्या दोघींचा. चालेल ना?"

मी म्हणाले, "हाव." इतक्या वर्षांची जिभेची सवय. तिनं विचारायचं आणि मी हाव म्हणायचं. फोन ठेवल्यावर भान आलं, परत लावावा वाटलं, पण तव्यावरची पोळी जळत होती.

त्यानंतर मी रविवारी गेलेले नाही. नात एकटी जाते, रस्ता तिला पाठ आहे. मला बोलायची इतकी सवय लागली होती की अकरा वाजले की घसा आपोआप मोकळा करते. मग उठून भांडी घासत बसते.