एक चर्च द्या

आमची आत्या शिवणकाम करायची. हॉस्पिटलच्या चादरी, शाळेचे गणवेश, असलं सरळ शिवणीचं काम. तिच्या खोलीसमोरच्या प्रोटेस्टंट चर्चमध्ये तिचा बाप्तिस्मा झाला, लग्न झालं, आणि पुढे तिच्या नवऱ्याची शवपेटीही तिथूनच निघाली.

ते चर्च सूतगिरणीच्या कामगारांनी बांधलेलं. बड्या लोकांच्या चर्चमध्ये बाक राखीव असत, यांना दाराशी उभं राहावं लागे. म्हणून कामावरून सुटल्यावर त्यांनी स्वतः विटा वाहिल्या. आत मूर्ती नाही, चित्र नाही. पांढऱ्या भिंती, उंच खिडक्या आणि खड्या आवाजात गाणारी माणसं. मग गिरणी बंद पडली, माणसं पांगली, छत गळू लागलं. शेवटी पाळकसाहेबांनी बायबल काखेत घेतलं आणि दाराला कुलूप लावलं. वर्षभरात तिथं गाड्या लावायची जागा झाली. बसथांब्यावर पाटी आली, ‘वाहनतळ’.

आत्यानं ती पाटी मानलीच नाही.

“एक चर्च द्या,” ती कंडक्टरला म्हणायची.

“चर्च पाडलं, मावशी. वाहनतळ म्हणा.”

“मला काय गाडी लावायचीय? चर्च द्या.”

एकदा त्यानं वैतागून तिला अलीकडच्याच थांब्यावर उतरवलं. चादरींचं गाठोडं सावरत ती चालत घरी आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेजारी बसेल त्याला ती विटा वाहणाऱ्यांची गोष्ट सांगायची. हळूहळू इतरही ‘चर्च’ मागू लागले.

मग ती थेट बसच्या कचेरीत गेली. तिथले साहेब भले होते.

“आजी, जे उरलंच नाही त्याचं नाव कसं द्यायचं?”

“तुमचे वडील आहेत?”

“नाहीत. वारले.”

“मग त्यांचं नाव लावायचं सोडलंत का?”

साहेब हसले. “पण एकट्या तुमच्या सांगण्यावरून पाटी नाही बदलता येत.”

“एकटी कुठं?”

पुढच्या आठवड्यात ती माणसं घेऊनच गेली. चर्चची पांगलेली मंडळी, कोपऱ्यावरची भाजीवाली, आणि सगळ्यांच्या मागे अवघडून उभा असलेला तोच कंडक्टर.

“साहेब,” तो म्हणाला, “आता माझ्याही तोंडात चर्चच बसलंय.”

पाटी बदलली. ‘जुने चर्च’.

“जुने कशाला?” आत्या फणकारली. “नवं कुठं आहे?” मग जरा वेळ बघत राहिली आणि शिडीवरच्या माणसाला म्हणाली, “असू दे. पण डावीकडे कललीय. सरळ कर.”

त्यानं स्क्रू ढिले केले. पाटी सरळ होईपर्यंत ती तिथून हलली नाही.