सासऱ्यांच्या मोटारीला आईची हळद

सासऱ्यांनी मला आयुष्यात दोन मौल्यवान गोष्टी दिल्या आणि त्यातल्या एकीचं छप्पर मी करवतीने कापलं. दुसरी मेधा, म्हणजे त्यांची मुलगी. ती सुखरूप आहे.

छप्पर कापलं ते प्लास्टिकच्या मोटारीच्या एका जुन्या किटचं. सासऱ्यांचे थोरले भाऊ बोटीवर नोकरीला होते, त्यांनी ते परदेशातून आणलेलं. खोक्यावर काळ्या, उंच टपाच्या, अत्यंत सभ्य मोटारीचं चित्र, आत सगळे सुटे भाग. भाऊ वारले, सासरे रेल्वेतून निवृत्त होऊन चेन्नईत पेरांबूरलाच राहिले, आणि खोकं तीस वर्षं त्यांच्या कपाटात न उघडता पडून होतं. मी ओरगडमच्या मोटार कारखान्यात क्वालिटी विभागात लागलो, तेव्हा त्यांना वाटलं, योग्य माणूस सापडला.

"जावईबापू, अगदी चित्रातल्यासारखी करा हं. दादाची आठवण आहे."

"अगदी तशीच, बाबा," मी म्हणालो. (क्वालिटीतल्या माणसाच्या शब्दावर लोक विश्वास ठेवतात. का, ते मला आजवर कळलेलं नाही.)

आता माझी बाजू ऐका. ड्रॉइंगपेक्षा केसभर वेगळा दिसणारा भाग बाजूला काढायचा, हे माझं दिवसभराचं काम. अशा माणसाने घरी येऊनही चित्राबरहुकूमच वागायचं? त्यात मी इंटरनेटवर हॉट रॉड पाहिल्या. अमेरिकेतले लोक जुन्या मोटारीचा टप कापून बुटका करतात, मडगार्ड काढून टाकतात, इंजिन उघडं ठेवतात, मागे जाडजूड टायर लावतात आणि बॉनेटवर आगीच्या ज्वाळा रंगवतात. पाहिलं आणि मी कामातून गेलो. आठवड्याभरात टप निम्मा झाला, मडगार्डं गेली आणि सासऱ्यांच्या दादांची सभ्य मोटार दंड थोपटून उभी राहिली.

ज्वाळा मात्र जमेनात. तीनदा रंगवल्या. पहिल्यांदा गाजरं दिसली, दुसऱ्यांदा केळी, तिसऱ्यांदा मेधा म्हणाली, "छान झालीय हो जास्वंद." मी सगळं पुसून बॉनेट परत काळं करून टाकलं.

तेवढ्यात सासऱ्यांचा फोन आला. दसऱ्याला अण्णानगरच्या एका हॉलमध्ये अशा मॉडेलांचं प्रदर्शन होतं, बक्षिसंही होती. त्यांनी परस्पर माझं नाव दिलं होतं आणि सकाळच्या फिरण्यातल्या चार मित्रांना आमंत्रणंही देऊन टाकली होती.

"सगळ्यांना सांगितलंय, दादाची गाडी बघायला या. तीस वर्षं थांबलोय मी."

थापा मारायलाही एक वकूब लागतो, तो माझ्यात नाही. मी फक्त "हो, हो" म्हणालो आणि ठरवलं, गाडी निदान इतकी चकचकीत करायची की म्हाताऱ्याला टप शोधायचं भान राहू नये.

खंडेनवमीच्या सकाळी मी रंगाचा शेवटचा हात दिला आणि गाडी टेबलावर ठेवून आंघोळीला गेलो. ऑक्टोबरात चेन्नईत काही वाळत नाही. कपडे वाळत नाहीत, माणूस वाळत नाही, रंग काय वाळणार?

माझी आई तेव्हा सांगलीहून आमच्याकडे आली होती. आमची खंडेनवमी म्हणजे इथली आयुधपूजा. शेजारच्या मामींनी आईला सांगून ठेवलं होतं की इकडे झाडून सगळ्या यंत्रांची, हत्यारांची, वाहनांची पूजा करतात आणि चाकाखाली लिंबू चिरडतात. मी बाहेर आलो तर मिक्सर, शिलाई मशीन, स्कूटर, सगळ्यांना हळदीकुंकवाची बोटं लागलेली. देव्हाऱ्यासमोर पाटावर माझी करवत, कानस, ब्रश, थिनरची बाटली. आणि मधोमध हॉट रॉड.

"आई, रंग ओला आहे तिचा!"

"असू दे की. हळद चांगली बसली."

बॉनेट एवढंसं, म्हणून आईने करंगळी वापरली होती. आधी ओल्या हळदीच्या रेघा मागे ओढलेल्या, मग त्यांच्या टोकांना कुंकू.

"आणि हे पुढचं चाक असं का झालंय?"

"लिंबावरून नेली. लिंबू फुटेना, मग जरा जोर लावला."

लिंबू शाबूत होतं. पुढचा आस वाकून गाडीने नाक जमिनीला टेकवलं होतं.

मी थिनरच्या बाटलीला हात घातला, तर मेधा आडवी आली. ती चेन्नईतच वाढलेली. "पूजेतल्या हत्याराला आज हात लावायचा नाही. उद्या सकाळी."

"अगं, उद्यापर्यंत हळद पक्की होईल!"

"मग होऊ दे. देवापेक्षा तुमचं बॉनेट मोठं का?"

मी दिवसभर पाटासमोर बसून राहिलो. आईला वाटलं, मुलगा धार्मिक झाला.

दसऱ्याला सकाळीच सासरे चार मित्रांसह हजर. त्यांनी गाडी पाहिली. चष्मा पुसून परत पाहिली.

"टप कुठाय?"

"थोडा खाली घेतलाय, बाबा."

"मडगार्डं?"

"काढली."

"मग दादाचं राहिलं काय यात?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांचा आवाज चढला असता तर बरं वाटलं असतं, पण तो बसला होता. आईच मध्ये पडली. "व्याही, पूजा झालीय तिची. आता तिला नावं ठेवू नका."

प्रदर्शनात आम्ही सगळे गाडीपासून सुरक्षित अंतरावर उभे राहिलो. परीक्षक म्हणजे अंबत्तूरला गाड्या रंगवण्याचा कारखाना चालवणारे एक वयस्कर गृहस्थ. ते आमच्या टेबलापाशी थांबले, वाकले आणि बराच वेळ उठलेच नाहीत.

"या ज्वाळा कुणी काढल्या? हातानं? आणि पिवळा रंग कुठला?" त्यांनी तमिळमध्ये विचारलं. मेधाने आईला मराठीत सांगितलं.

"सांगलीची हळद," आई म्हणाली. "इकडची फिकी असते."

परीक्षक हसत सुटले. नाक खाली टाकून उभं राहण्याची ऐटही त्यांना फार आवडली. (लिंबाबद्दल आम्ही कोणीच बोललो नाही.) दोष त्यांना एकच सापडला: पुढच्या काचेवर डिंकाने उमटलेला अंगठ्याचा ठसा. तो निर्विवाद माझा होता.

पहिलं बक्षीस आम्हाला! टाळ्यांत सगळ्यात मोठा आवाज सासऱ्यांचा. त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "मी तीस वर्षं नुसतं खोकं सांभाळलं. दादा असता तर त्यानेही टप कापला असता. तसाच होता तो." मग ते मित्रांना सांगत सुटले की कल्पना मुळात त्यांचीच.

दुसऱ्या रविवारी ते घरी आले, काखेत आणखी एक न उघडलेलं खोकं. दादांनी दोन आणली होती म्हणे. मी नम्रपणे दोन्ही हात पुढे केले. सासरे मला वळसा घालून स्वयंपाकघरात गेले आणि खोकं आईच्या हातात दिलं.

"विहीणबाई, ही तुम्ही करा. जावईबापू काच धरतील. फक्त त्यांना आधी हात धुवायला सांगा."