जुना सर्व्हे नंबर

ताईला आत्याच्या मुलाला दिली तेव्हा सगळ्यांना आनंदच झाला. घरातली मुलगी घरातच राहिली. तिची थोरली पोर दोन वर्षांची झाली तरी उभी राहीना, तेव्हा पुण्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला घेतलं. एका जीनचा संशय आहे म्हणाले, रिपोर्टला वेळ लागेल. तेवढ्यात ताईला परत दिवस गेले.

मी तालुक्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. मला कुठला धीर! मोबाईलवर व्हिडिओ बघून जीनोम तपासायला नुकतीच शिकत होते. पोरीच्या जीनोमची फाइल हॉस्पिटलकडून मागून घेतली. माझ्या लॅपटॉपला ती झेपेना, म्हणून क्लाउडवर चढवली, म्हणजे दुसऱ्याच्या दूरच्या मशीनवर. आठवडाभर पडद्यावर नुसत्या चुकांच्या लाल ओळी. आठव्या दिवशी एकदाचं चाललं. त्या जीनमध्ये बिघाड नेमका कुठे होतो, ती जागा एका शोधनिबंधात आकड्यानं दिली होती. त्या आकड्यावर गेले. सगळं स्वच्छ.

लगेच फोन लावला. "ताई, काही नाहीये गं! मी स्वतः बघितलंय."

"देव पावला बाई," म्हणून ती रडली. पोटातल्या बाळालाही तोच आजार आहे का ते वेळेत कळावं, मूल ठेवायचं का ते ठरवता यावं, म्हणून डॉक्टरांनी गर्भाभोवतीच्या पाण्याची तपासणी सांगितली होती. त्या तारखेला ती गेलीच नाही.

रिपोर्ट आला तेव्हा तिला आठवा लागला होता. बिघाड त्याच जीनमध्ये, एक आईकडून आलेला, एक बापाकडून. मी वेड्यासारखी फाइल पुन्हा उघडली. जीनोमचे नकाशे दोन आहेत, जुना आणि नवा. तीच जागा दोन्हींत वेगळ्या आकड्यावर. फाइल जुन्या नकाशावरची, माझा आकडा नव्यातला. भलत्याच्याच शेतात उभी राहून मी पीक बरं आहे म्हणत होते.

आणि मी मुलगी कोणाची? तलाठ्याची! उतारा मागायला आलेल्या प्रत्येकाला अण्णा आधी विचारायचे, "जुना सर्व्हे नंबर का नवा गट नंबर?" जन्मभर ऐकलेला प्रश्न मला त्या दिवशी सुचला नाही. जळो माझं शिकणं.

धाकटी आता दीड वर्षाची आहे. मान धरते, पण बसत नाही. परवा तिला मांडीवर घेऊन मी ताईला सगळं सांगून टाकलं. ती भाकरी थापत होती. हात थांबला नाही.

"तू न्हाई म्हनलीस, म्हनून तर ही हाय," एवढंच बोलली.

पोर माझ्याकडे बघून हसली. मला तिच्याकडे बघवेना.