मागं बघायचं नाही

आमच्या वस्तीवरून मांडवगण फराट्याच्या शाळेत जायला एकच रस्ता होता आणि तो आमचा नाही, हे आम्हाला रोज सांगितलं जायचं. ट्रकवाले हॉर्न वाजवून सांगायचे, ट्रॅक्टरवाले शिव्या देऊन, आणि वाटेतल्या फाट्यावरचे हवालदार सायकलीच्या चाकातला हवेचा व्हॉल काढून. आम्ही चौघी मुली होतो, बारावीला. सायकली जुन्या, चेनीचा आवाज लांबवर जायचा. राग चौघींच्याही नाकावर असायचा, माझ्या जरा जास्तच.

एरवी त्या रस्त्याला फारशी वर्दळ नसे. पण साखर कारखाना सुरू झाला की उसाची वाहनं सुरू व्हायची. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, दोन्ही बाजूंना हातभर बाहेर आलेला ऊस, आणि प्रत्येकाला कारखान्याच्या वजनकाट्यावर नंबर आधी लागायला हवा. शिवाय रांजणगावला कामगार नेणारी कंपनीची बस, दुधाच्या जीपा. रस्ता मात्र तेवढाच अरुंद होता. दरवर्षी डांबरावर डांबर ओतून तो वर आला होता आणि साइडपट्टी तशीच खाली राहिली होती. कडेला वीतभर उंचीची धार. सायकल खाली उतरवली की मातीत घसरायची, आणि परत वर घ्यायला गेलं की चाक धारेला घासून माणूस आडवा व्हायचा.

आदल्या हंगामात आम्ही पाचजणी होतो. माझी शेजारच्या वस्तीवरची मैत्रीण ओढ्याच्या अलीकडे हॉर्न ऐकून खाली उतरली. उसाची लाल ट्रॉली तिला घासून गेली, ती खड्ड्यात पडली आणि उजवा हात कोपरात मोडला. ट्रॅक्टर थांबला नाही. आम्ही बरंच पुढे, वस्तीच्या वाटेला वळलो होतो, परत येईपर्यंत रस्त्यावर नुसती धूळ उरली होती. हात वाकडा बसला. तिच्या घरच्यांनी सायकल विकली, शाळा बंद केली आणि उन्हाळ्यात लग्न लावून दिलं. वर्गात ती माझ्यापेक्षा हुशार होती. हे लिहिताना आजही माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

तिचं वऱ्हाड आमच्या दादांच्या ट्रॉलीतून गेलं. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. ते एका बागायतदाराचा ट्रॅक्टर चालवायचे, हंगामात ऊस आणि एरवी पडेल ते. ट्रॉली धुऊन, गवत पसरून, वर सतरंज्या टाकून त्यांनी वऱ्हाड नेलं. निघताना ती वाकून पाया पडल्यावर त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि "सुखात ऱ्हा" म्हणाले. मी बाजूलाच होते.

पण जेवताना तिचा विषय निघाला की त्यांचं एकच म्हणणं असायचं.

"पोरींना सायकल धरता येत न्हाई, आन् नाव डायवरचं. दोन ट्रॉल्या भरलेल्या असल्या की ब्रेक मारून गाडी जाग्यावर उभी ऱ्हाती व्हय? तुम्ही बाजूला व्हायाचं. हॉर्न वाजला की खाली उतरायचं."

"खाली उतरली म्हणून तर ती पडली, दादा."

"उतरायची रीत असती. आन् एक सांगून ठेवतो. तुझी एक जरी तक्रार घरी आली, तर सायकल बंद आन् शाळा बी."

माझ्यापुढचा पेच हा असा होता. खाली उतरले तर पडणार, आणि पडले तर शाळा बंद. नाही उतरले तर तक्रार, आणि तक्रार आली तर शाळा बंदच. आईकडे बघितलं की ती भाकरी थापत राहायची.

वाट दाखवली ती आबांनी, माझ्या आजोबांनी. आमची आता शेती असली तरी आबांचं आयुष्य मेंढरांमागे गेलेलं. भीमेच्या कडेकडेनं, दौंडवरून कुरकुंभपर्यंत आणि तिथला हमरस्ता ओलांडून पलीकडे ते कळप न्यायचे. मी एकदा त्यांना चिडून विचारलं, "तुमच्या मेंढरांसाठी ट्रक थांबायचे आणि आमच्यासाठी का थांबत नाहीत?"

आबा हसले. "मेंढरं एकामागं एक चालत न्हाईत, म्हणून. एकटं मेंढरू कडंला गेलं की गाडी त्याला रेटून जाती. कळप असला की थांबतीच. तुम्ही एका रांगेत चालता, त्यानं डायवरला वाटतं, जागा हाय."

मग त्यांनी आम्हाला कळप न्यायची रीत शिकवली. जोडीजोडीनं चालायचं. मागच्या जोडीतल्या बाहेरच्या मुलीनं कॅरिअरला आडवी काठी बांधायची, उजवीकडे हातभर बाहेर, टोकाला लाल फडकं. समोरचा रस्ता मोकळा असेल तर पुढचीनं हात करायचा आणि गाडीला जाऊ द्यायचं. समोरून काही येत असेल तर कुणीही जागा सोडायची नाही.

"आन् मागं बघायचं न्हाई," आबा म्हणाले. "तू मागं बघितलंस की त्याला कळतं, हिनं मला बघितलंय, ही सरकंल. मग तो ब्रेक मारत न्हाई. न्हाई बघितलंस की त्यालाच बघावं लागतं."

हे ऐकायला सोपं आहे. पाठीमागं भरलेला ट्रक भोंगा वाजवतोय, इंजिनाची धग पोटऱ्यांना लागतेय आणि मान वळवायची नाही, हे करून बघावं. पहिल्या दिवशी मी हँडल इतकं घट्ट धरलं होतं की शाळेत पेन धरता येईना. पण गाड्या थांबू लागल्या. शिव्या वाढल्या, पण गाड्या थांबल्या.

मग ड्रायव्हरांनी फाट्यावर कागाळ्या सुरू केल्या. पोरी रस्ता अडवतात म्हणून. हवालदारांनी त्यातला सोपा मार्ग निवडला. ट्रॅक्टरला दिवे नाहीत, मागच्या ट्रॉलीला लाल कापड नाही, हे त्यांना दिसत नव्हतं. आम्ही दिसलो की ते शिट्टी मारायचे, खाली वाकून चाकांतले व्हॉल काढायचे, हवा फुस्स करून जायची, आणि व्हॉल खिशात टाकून म्हणायचे, "बापाला घेऊन या आन् घेऊन जा." बापाला कोण नेतंय! आम्ही कंपासपेटीत जादा व्हॉल ठेवायला लागलो. वळणाच्या आड जायचं, तिथल्या दुकानदाराचा पंप मागायचा आणि पुढे निघायचं. यात थोडी मजाही वाटायची, खोटं कशाला बोलू.

ती संध्याकाळ थंडीतली होती. काठी माझ्या सायकलीला होती, म्हणजे मी सगळ्यांत मागे. मावळतीचं ऊन डोळ्यांवर येत होतं. समोरून एकामागून एक रिकाम्या ट्रॉल्या परतत होत्या, त्यामुळे जागा सोडायचा प्रश्नच नव्हता. तेवढ्यात मागून हॉर्न वाजला.

तो हॉर्न मी झोपेतही ओळखला असता. घसा बसलेल्या बोकडासारखा आवाज आमच्या दादांच्याच ट्रॅक्टरचा होता.

शेजारची कुजबुजली, "अगं, तुझे दादा." मी म्हटलं, "माहितीय." पुन्हा हॉर्न. मला त्यांचा चेहरा न बघताही दिसत होता. डावीकडे धार, तिच्याखाली खड्डे. उतरू की नको? उतरले तर पोटच्या पोरीनं ऐकलं म्हणून ते खूश होतील, आणि मी पडेन. मला वाटतं त्या क्षणी मला त्यांचा संतापच आला. स्वतःच्या मुलीलासुद्धा हा माणूस हॉर्नच वाजवतोय. मी मान ताठ केली आणि पेडल मारत राहिले.

तिसरा हॉर्न वाजला नाही. इंजिनाचा आवाज बदलला, गिअर खाली आला. ट्रॅक्टर माझ्या मागून माणूस चालतो तसा चालायला लागला. त्याच्या मागे ट्रक, त्यामागे कंपनीची बस, मग जीपा, असं सगळं तुंबत गेलं. भोंग्यांचा नुसता कल्लोळ. कुणीतरी हिंदीत ओरडत होता, "अरे, हटाओ इन लड़कियों को!" तरी फाटा येईपर्यंत मी मागं बघितलं नाही.

फाट्यावर हवालदार रस्त्याच्या मधोमध उभेच होते. चारही सायकली बाजूला घेतल्या, आठही चाकांची हवा गेली. मागचे ड्रायव्हर उतरून गोळा झाले. दादा ट्रॅक्टरवरून खाली आले आणि माझ्याकडे न बघता उभे राहिले.

"आज मिटवून टाकतो," हवालदार म्हणाले. "सायकली जमा करतो, उद्या शाळेत येऊन नावं घेतो आन् यांच्या बापांना बोलावतो." मग दादांकडे वळून, "तू सगळ्यांच्या पुढं हुतास. सांग, रस्ता कुणी अडवला?"

मी जमिनीकडे बघत होते. मनात म्हटलं, संपलं. आता हा माणूस खरं बोलेल आणि माझी शाळा जाईल.

दादा म्हणाले, "रस्ता कुणी अडवला न्हाई, साहेब. मीच हळू चालवत हुतो."

"का?"

"मागची ट्रॉली बघत हुतो."

मागचे ड्रायव्हर हसले. एकजण म्हणाला, "ट्रॉलीला काय बघायचं? ती काय पळून जाती?" हवालदार चिडले. "आन् या पोरी कुणाच्या हायत? बापाला यांच्या अक्कल हाय का न्हाई?"

"त्या काठीवालीचा बाप मीच हाय," दादा म्हणाले. "काय बोलायचं ते मला बोला."

हसणं थांबलं. हवालदारांनी मग दादांना बरंच बोलून घेतलं. दिवे, कापड, लायसन, जे आजवर दिसलं नव्हतं ते सगळं एकदम दिसायला लागलं. दादा मान खाली घालून "व्हय साहेब" म्हणत राहिले. मागे गाड्यांचे भोंगे थांबेनात, तेव्हा हवालदारांनी वैतागून सगळ्यांनाच हाकललं. आमचे व्हॉल मात्र खिशातच ठेवले. दादा ट्रॅक्टरवर चढले. जाताना त्यांनी एकदा वळून बघितलं, पण माझ्याकडे नाही. डावीकडे, मागच्या ट्रॉलीच्या चाकाकडे.

जादा व्हॉल संपले होते; सायकल ढकलत घरी आले आणि कुणालाच काही सांगितलं नाही. मार बसेल याची भीती नव्हती, आमच्याकडे मारत नसत. सकाळी उठेन तेव्हा सायकल दारात नसेल, एवढीच भीती होती.

सकाळी सायकल होती. दादा कारखान्यावरून नुकतेच आले होते आणि तिच्यापाशी उकिडवे बसले होते. हातपाय धुतले नव्हते, चहाही घेतला नव्हता. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "तुझी ती मैत्रीण. ती पडली ती जागा कुठली?"

"ओढ्याच्या अलीकडं. बाभळीपाशी."

"कवा?"

"कारखाना सुरू झाला त्याच आठवड्यात. शाळा सुटल्यावर."

"रस्त्यावरनं उतरली हुती?"

"पूर्ण उतरली होती. साइडपट्टीवर पाय टेकून उभी होती. तरी लागली."

ते चाकावर हात ठेवून बसून राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "मला वाटायचं, मागची ट्रॉली पुढचीच्या मागं सरळ येती. इतकी वर्सं चालवली, कवा मागं वळून बघितलं न्हाई. काल हळू हुतो म्हणून बघितलं. समोरनं गाडी आली की मी जरा डावीकडं घेतो, तवा मागची पार खाली उतरती. साइडपट्टीवरनं चालती. तू काल उतरली असतीस तर तिथंच असतीस."

त्या आठवड्यात तिथून किती ट्रॅक्टर गेले असतील, लाल ट्रॉल्या तर सगळ्यांच्याच. ते मी बोलूनही दाखवलं. "दादा, कुणाचीही असेल ती."

"व्हय," ते म्हणाले. "कुणाची बी असंल. डायवरला कळत बी न्हाई."

चाकांत नवे व्हॉल त्यांनीच बसवले, हवा त्यांनीच भरली. काठीची दोरी सैल झाली होती ती आवळून बांधली. मी निघाले तेव्हा म्हणाले, "उतरू नको." हंगाम संपेपर्यंत आम्ही तशाच गेलो. हवालदार व्हॉल काढत राहिले, दादांचा नंबर काट्यावर मागे पडत राहिला आणि मी बारावी झाले.

त्याच हंगामात, संक्रांतीला, मैत्रीण माहेरी आली होती. आमच्याकडे तिळगूळ द्यायला आली. आईला दिला, आबांना दिला. दादा ओट्यावर बसले होते. तिनं वाकड्या हातानं पदर सावरला आणि त्यांच्या पाया पडायला वाकली. दादांनी झटकन पाय मागे घेतले.