बांधापलीकडची खाचरं

सावेडीतल्या आमच्या शेजाऱ्यांइतका समतेचा ध्यास घेतलेला आणि त्यापायी घरोघरचा चहा गार करणारा माणूस साऱ्या नगर जिल्ह्यात दुसरा नसेल. नव्याण्णव साल असेल, इंटरनेट नगरात नुकतंच आलं होतं. नागापूरच्या कारखान्यातून सुटले की हे थेट चौकातल्या सायबर कॅफेत. एका बोटाने टाईप करत आणि लिहिलेलं प्रत्येक वाक्य मोठ्याने वाचत. त्यामुळे स्त्रियांच्या हक्कांवरचं त्यांचं निवेदन पुण्यामुंबईच्या कार्यकर्त्यांआधी तिथे चॅटिंगला आलेल्या पोरांना पाठ व्हायचं. कुणी लग्नपत्रिका दिली की वधूच्या आईचं नाव कुठंय, म्हणून आधी झडती घेत. रविवारचे पोहे तेच करत. त्यांची समता उरकली की ओटा पुसायला आपल्याला अर्धा तास लागतो, असं वहिनी म्हणायच्या. तरी रविवारची वाट त्याच जास्त बघायच्या.

त्या उन्हाळ्यात त्यांचे वडील गेले. जिल्ह्यातल्याच अकोले तालुक्यात डोंगराच्या कुशीत त्यांची भाताची थोडी खाचरं होती. आमच्याकडे अशा वेळी बहिणी तहसिलीत जाऊन हक्कसोडीवर सही करतात, भाऊ साडी घेतो आणि माहेर उघडं राहतं. यांची एकुलती एक बहीण न बोलावता सही करायला सावेडीत आली. यांनी साफ नकार दिला. बांधापलीकडची खाचरं तुझी, तुझं नाव उताऱ्यावर राहणार, असं सांगून वर कायदा समजावत बसले. ती ऐकता ऐकता रडायला लागली.

"हिस्सा घेतलेल्या बहिनीला कोन बोलावतं रं? मला तोडायचंच हाय तर सरळ सांग."

तिचे डोळे पुसायचे सोडून यांनी आणखी भाषण केलं. कुठे थांबावं हे त्यांना कधी कळलंच नाही. ती मिळेल त्या एसटीने निघून गेली आणि राखीलाही आली नाही. इकडे यांच्या निर्णयाबद्दल पार अमेरिकेहून अभिनंदनाचे ई-मेल येत होते. ते मला वाचून दाखवताना त्यांचा आवाज पहिल्यांदाच बारीक झालेला होता. म्हणाले, "सगळ्या जगातल्या बहिणी खूश आहेत, माझी सोडून." मला हसू आलं नाही.

भाऊबीजेला ते गावी गेले तेव्हा मीही सोबत होतो. घर झाडून, पाणी भरून ते तिची वाट बघत बसले. दुपार कलायला लागली तशी शेजारची म्हातारी सांगत आली, की तुमची बहीण कवाची खाचरावर बसलीय. आम्ही धावतच गेलो. तिने बांधालगत पाट मांडला होता आणि पदराच्या आडोशाने ती निरांजन सांभाळत होती. घरी का आली नाहीस, असं यांनी विचारलं.

"मला आता कुनी बोलवायची गरज न्हाई," ती म्हणाली. "मी माज्या रानात आलेय. तूच आलास माज्याकडं. बस."

ते बसले. त्यांनी मान खाली घातली. ओवाळून झालं तरी ते पाटावरून उठेनात, आणि तिनेही ऊठ म्हटलं नाही.

आता ते नाहीत. समतेवर कुणी बोलायला लागलं की मला तो मान खाली घालून पाटावर बसलेला भाऊच दिसतो, आणि त्यांची फार आठवण येते.