जबड्याच्या सांध्यामागे

दातांच्या दवाखान्यात किस्से फार साठतात, कारण ‘तोंड उघडं ठेवा’ म्हटलं की माणसाला नेमकं बोलायचं असतं! आणि आमचे डॉक्टर पुराणिक असे, की औजार खाली ठेवून ते ऐकत बसत. बाहेर बाकावर पेशंट खोळंबलेले असत. स्वातंत्र्यानंतरची पहिलीच वर्षं ती. मी मुंबईहून दंतवैद्यकी शिकून जळगावात त्यांच्या हाताखाली नुकता लागलो होतो. आज कुणी जुना दोस्त भेटला की दातांचं काही निघत नाही, निघतात ते डॉक्टरांच्या संशोधनाचे किस्से.

*

सुरुवात सरजाअक्कांपासून झाली. चोपड्याकडच्या बाई. गाल धरूनच आत आल्या. “कान दुखस का दात, माले बी उमगत नही!”

दुसरीकडे कुणीतरी त्यांच्या चार दाढा काढून टाकल्या होत्या. “दात काढी टाकात, तरी दुखनं तठेच शे.”

डॉक्टरांनी त्यांच्या कानापुढे दोन बोटं ठेवली आणि तोंड उघडा, मिटा म्हणाले. मग माझी बोटं तिथे ठेवली. आत वाळूवर पाय पडावा तशी करकर लागत होती.

“अक्का, हे दातांचं नाही. गुडघा झिजतो ना, तसा हा जबड्याचा सांधा झिजलाय. ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणतात.”

अक्कांनी गालावरचा हात काढला. मग म्हणाल्या, “मंग मना दात परत द्या!”

मला हसू आलं. डॉक्टर हसले नाहीत. अक्का गेल्यावर मला म्हणाले, “चौधरी, आपल्याला माहीत नाही म्हणून या बाईचे चांगले दात गेले. हा सांधा का झिजतो, ते शोधू या.”

*

तेव्हापासून डॉक्टरांना माणसं दिसेनात, जबडे दिसू लागले!

एका मारवाडी शेठजींच्या मुलीच्या लग्नात मुहूर्ताआधीच्या पंगतीला आम्ही बसलो होतो. डॉक्टरांचा घास हातातच. समोरच्या नवऱ्यामुलाच्या वडिलांकडे टक लावून पाहणं चाललेलं. शेठजी धावत आले. “डॉक्टरसाब, काही कमी पडलं का?”

“नाही हो. तुमचे व्याही एकाच बाजूने चावतात!”

झालं! पंगत उठायच्या आत मांडवभर बातमी, की नवऱ्यामुलाच्या घराण्यात काहीतरी रोग आहे. मुलीची आई रडायला लागली. डॉक्टर तडक व्याह्यांजवळ गेले, त्यांचा जबडा चाचपला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, “सांधा दुखतोय. रोग घराण्यात नाही, बहुतेक सुपारीत आहे!”

व्याह्यांनी कनवटीची सुपारी काढून डॉक्टरांच्या हातावर ठेवली. म्हणाले, “लगन होऊ द्या. हिला मी सोडचिठ्ठी देतो!”

*

डॉक्टरांचा अंदाज होता, की कडक खाणाऱ्यांचा सांधा लवकर झिजत असावा. म्हणून आम्ही शिंदखेड्याजवळच्या एका गावी गेलो. तिथे वाळलेली भाकरी रोजचीच. पारावर म्हाताऱ्यांना ओळीने बसवलं. डॉक्टर प्रत्येकाचं तोंड उघडायला लावून आत डोकावत, जबडा दाबत. करकर मात्र फारशी कुणाचीच लागेना.

एका आबांनी सगळं निमूटपणे करू दिलं. मग धोतर झटकून उभे राहिले.

“दात पाहीसन झायात ना? मंग आते भाव सांगा!”

सगळा पार खदखदला. बाजारात बैलाचे दात पाहतात ते आमच्या ध्यानातच आलं नव्हतं! डॉक्टर मात्र त्या दिवसापासून आधी स्वतःचा जबडा समोरच्याला दाबून बघू देत, मगच त्याच्या तोंडाला हात लावत.

*

सांध्याचे फोटो काढायला धुळ्याला जावं लागे. एक्स-रेवाला वैतागून म्हणे, “जबडा तुटलेला नाही, मग फोटो कशाला?”

सरजाअक्कांना घेऊन गेलो, तेव्हा तुलनेसाठी एक धडधाकट सांधा हवा होता. डॉक्टरांनी मलाच झोपवलं.

फिल्म वाळल्या. डॉक्टर खिडकीच्या उजेडात त्या धरून पाहत राहिले. सरजाअक्कांचा सांधा जवळजवळ साफ होता. आणि एक झिजलेला, कडेला हाड वाढलेला.

“हा कुणाचा?” मी विचारलं.

“तुमचा!” एक्स-रेवाला मला म्हणाला.

मला कधी काही दुखलं नव्हतं. डॉक्टर एस.टी.त जळगावपर्यंत त्या फिल्म पुन्हा पुन्हा उजेडात धरत होते. उतरताना म्हणाले, “अक्कांना दुखतं, पण दिसत नाही. तुमचं दिसतं, पण दुखत नाही. म्हणजे मला अजून काहीच कळलेलं नाही.”

*

तरीही त्यांनी मुंबईच्या एका सभेत निबंध वाचला. मोठमोठे लोक बसलेले. शेवटी एकाने विचारलं, “मग निष्कर्ष काय?”

“माझा अंदाज चुकला, हा.”

सभागृहात हशा पिकला. मला मान वर करवेना. डॉक्टरांनी शांतपणे कागद आवरले. बाहेर आल्यावर मी म्हटलं, “असं सरळ सांगायला नको होतं.”

“का? पुढचा माणूस याच वाटेवर वर्षं घालवील ना!” ते म्हणाले. “चला, मऊ काहीतरी खाऊ. तुमच्या सांध्याची मला काळजी वाटते.”

*

वरणगावकडचे एक नाना आपल्या बायकोला घेऊन आले होते. बाईंचा जबडा अडकत असे, घास घेताना डोळ्यांत पाणी येई. डॉक्टरांनी शेक सांगितला, मऊ भात-खिचडी सांगितली. “आणि महिनाभर बोलणं बंद. अगदी एक शब्द नाही!”

महिन्याने दोघं आली. डॉक्टरांनी विचारलं, “कसं आहे?” बाईंनी हाताने ‘बरं आहे’ दाखवलं. डॉक्टर नानांकडे वळले. “जेवण जातं ना?” नानांनीही नुसती मान हलवली!

“अहो नाना, तुम्हाला कुणी गप्प राहायला सांगितलं?”

नाना ओशाळले. महिन्याचा गंजलेला आवाज खाकरून मोकळा केला. “ती गप्प, अन् मी एकटाच बोलू? बरं नाही वाटलं.”

डॉक्टरांनी बाईंचा जबडा तपासला. सांधा मोकळा फिरत होता. “आता बोला तुम्ही. पण महिनाभर दोघंही मुकी, घरात चाललं तरी कसं?”

बाईंनी नानांकडे पाहिलं. नानांनी बोटाने ‘तू सांग’ अशी खूण केली. पदर ओठांवरून बाजूला केला.

“डॉक्टर, लगीन झाल्यापासून आम्ही इतकं कधीच बोललो नव्हतो!”